पाऊसबाईचा हात

रोज संध्याकाळी, बातम्या संपत आल्या की ती एका रिकाम्या भिंतीसमोर उभी राहून ढगांविषयी बोलायची.

भिंत हिरवी होती, पानापेक्षा भडक आणि पोपटापेक्षा गडद. तिच्यावर ना समुद्र होता ना डोंगर. पण इतक्या वर्षांत सगळा मुलूख तिच्या अंगात भिनला होता. खांद्याच्या उंचीवर उत्तरेचे डोंगर, कोपरापाशी मोठी नदी आणि हात पूर्ण लांबवला की बोटांच्या टोकाशी समुद्र. ती हवेत हात फिरवायची आणि कॅमेऱ्याशेजारच्या लहानशा पडद्यावर एक बाई ढगांमध्ये उभी दिसायची. ती बाई म्हणजे आपणच, हे तिला दर वेळी क्षणभर उशिरा पटायचं. तेवढा क्षण तिला फार आवडायचा. त्या क्षणात ती कुठेच नसायची.

लोक तिला पाऊसबाई म्हणत. तिने सांगितलेला पाऊस नेहमी पडायचाच असं नाही, पण पडला नाही तर लोक पावसावर रागवत, तिच्यावर नाही. तिच्यावर रागवायला त्यांच्याकडे वेगळी कारणं होती.

ती कारणं फोनवाली घेऊन यायची. प्रेक्षकांचे फोन घेणारी ही मुलगी पूर्वी नाटकात काम करायची, आणि तो किडा अजून गेला नव्हता. रोज दुपारी ती रंगपटात यायची, टेबलाच्या कडेला टेकायची आणि कालचे प्रेक्षक एकेक करून अंगात आणायची.

"अहो, ऐका!" तिने घसा खरवडून एका म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज काढला. "बाईंना म्हणावं, सरळ उभ्या राहा. पोक काढून उभं राहिलं की पावसाचाही भरवसा वाटत नाही."

"पोक कुठे काढते मी?" पाऊसबाईने आरशात पाहिलं.

"मला काय विचारता, ताई? मी नुसता फोन आहे. आता दुसऱ्या बाई. 'ते नारंगी जॅकेट कुणी दिलं हो त्यांना? घरात लग्नाची मुलगी असली की सारखा तोच विषय निघतो, तसं सारखं तेच काय काढतात?'"

खुर्चीमागे उभी असलेली रंगमावशी फिस्सकन हसली. टीव्ही केंद्रातल्या सगळ्यांचे चेहरे तीच रंगवायची. "जॅकेटाचं एक वेळ खरं आहे," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?"

"मी आरशाच्या बाजूची. बस नीट."

"आणि हे सगळ्यात जास्त," फोनवाली स्वतःच्या आवाजात म्हणाली. "तुमच्या केसांभोवती हिरवं दिसतं म्हणे. एक आजोबा म्हणाले, शेवाळ धरलंय बाईंच्या डोक्याला, विहिरीतून काढल्यासारख्या दिसतात. काल तर फोन खाली ठेवायची सोय नव्हती. साहेबांच्या कानावर गेलंय."

साहेबांच्या कानावर गेलं की हसणं थांबायचं. केंद्राचे प्रमुख असलेले साहेब वाईट माणूस नव्हते. आवाज चढवायचा नाही, कुणाचा अपमान करायचा नाही. पण फोनला ते जितके घाबरायचे तितके कशालाच घाबरत नसत. सकाळच्या बातम्या देणारा एक जण दमलेला दिसतो, असे फोन येऊ लागले, तेव्हा साहेबांनी त्याला चहाला बोलावलं होतं. "तुमचा आवाज फार छान आहे," साहेब म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यापासून तो रेडिओवर गेला. आवाज खरंच छान होता. तरीही तेव्हापासून केंद्रात कुणी आवाजाची स्तुती केली की ऐकणारा आपलं टेबल आवरायला घ्यायचा.

फोनवाली गेली. मावशीने दाराला आतून कडी घातली आणि रोजच्यासारखं शेवटचं काम काढलं.

"आण हात."

पाऊसबाईने उजवा हात टेबलावर ठेवला. बोटांच्या सांध्यांपासून मनगटाकडे पांढरे डाग गेले होते. त्यांच्या कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वळणावळणाच्या होत्या. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तिथून नाहीशा होतात. दुखत नाही, कुणाला लागत नाही. कुठे थांबेल ते मात्र सांगता येत नाही. आरशासमोर बसून हे आठवलं की तिला वाटायचं, हा अंदाज आपण रोज देतो तसलाच आहे. काय चाललंय ते कळतं, कुठवर जाईल ते कळत नाही.

"करंगळीला नवा आलाय," मावशी क्रीम थोपटत म्हणाली.

"पाहिला मी."

"काळजी करू नकोस. माझ्याकडे डबे भरपूर आहेत. वाळेपर्यंत कशाला हात लावू नकोस म्हणजे झालं."

मावशीखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं. आईलाही नाही. आई दूर, दादाकडे राहायची आणि मुलीला रोज टीव्हीवर बघून फोन करायची. त्या फोनमध्ये मायेचं बोलणं शेवटी यायचं, आधी जॅकेट यायचं.

त्याच दुपारी साहेबांनी जादूगाराला सांगितलं, बाईंच्या डोक्यावरचं ते हिरवं घालवा. जादूगार म्हणजे हिरवी भिंत गायब करणारा तंत्रज्ञ. त्याच्या यंत्राला एकच गोष्ट कळायची. जिथे हिरवं दिसेल तिथलं चित्र काढून टाकायचं आणि तिथे ढग ठेवायचे. पण किती हिरव्याला हिरवं म्हणायचं, हे माणसाने ठरवायचं होतं. भिंतीचा उजेड उडून बारीक केसांवर पडतो, तिथे यंत्र गोंधळतं आणि शेवाळ दिसतं. जादूगाराने एक बटण हळूहळू फिरवलं, आता जरासं हिरवंही यंत्राच्या दृष्टीने हिरवंच ठरू लागलं. त्याने मावशीला भिंतीपुढे उभं करून पाहिलं. मावशीचे केस स्वच्छ दिसले. "माझं लग्न राहिलं असतं तर हाच फोटो दिला असता," मावशी म्हणाली, आणि तो खूश होऊन चहाला गेला.

संध्याकाळी बातम्या सुरू झाल्यावर हवामान खात्याचा फोन आला. समुद्रावरचं वारं फिरलं होतं. सकाळचा अंदाज रद्द. बोटींनी बाहेर जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं. पाऊसबाईने पळत जाऊन नवे कागद घेतले, उभ्या उभ्या आकडे उतरवले, चुकलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं. बातम्यांआधी मावशीने हाताला पुन्हा लावलेलं क्रीम वाळलं नव्हतं हे तिच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते दिव्यांखाली. कागदावर मातकट बोटं उमटली होती आणि हात उघडा पडला होता.

तिने तो अंगामागे घेतला. डोंगर डाव्या हाताने दाखवले, नदी नुसती बोलून दाखवली. मग समुद्राची पाळी आली. समुद्र उजवीकडे होता. डाव्या हाताने तिथे पोचायचं तर कॅमेऱ्याकडे पाठ करावी लागली असती. कुठल्या खाडीपासून कुठल्या टोकापर्यंत धोका आहे, हे दाखवल्याशिवाय कळण्यासारखं नव्हतं.

तिने उजवा हात वर केला आणि लहान पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावरच्या बाईच्या हातातून ढग चालले होते. बोटं होती, नखं होती, मनगट होतं, पण सांध्यांच्या जागी हात आरपार उघडा होता. त्या उघड्या जागांमधून राखाडी, मऊ, सावकाश सरकणारा समुद्रावरचा ढग एका बोटातून दुसऱ्या बोटात जात होता. तिला काहीच वाटेना. भीतीही वाटेना. लहानपणी तापात पडून छताकडे बघताना छत दूर दूर जायचं, तसं सगळं दूर गेलं. कुणीतरी अगदी शांत आवाजात बोटी परत आणायला सांगत होतं. तो आवाज खरोखरच छान होता.

दिवे मालवले. ती खाली उतरली तेव्हा फोन वाजायला लागले होते.

"ताई, काय केलंत तुम्ही?" फोनवाली दोन्ही कानांना फोन लावून बसली होती. "लोक वेडे झालेत! एक छोटी विचारते, पाऊसबाईच्या हातात पाऊस पडतो का? एक गृहस्थ तर म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हवामान बघावंसं वाटलं. पोकवाले आजोबासुद्धा खूश आहेत!"

साहेब स्वतः खाली आले. चेहरा असा, जणू घरात पाळणा हलला. "मला आधी सांगायचं तरी! कुणाची कल्पना ही? उद्या दोन्ही हातांत करा. विजा चमकवता येतील का हो?"

जादूगार आपल्या बटणाकडे बघत राहिला. त्याने असं काहीच केलेलं नव्हतं, आणि तो साधा माणूस होता, पण डोळे मिटून बसलेला नव्हता. साहेब गेल्यावर तो तिच्याजवळ आला. तिने कागदांखालचा हात बाहेर काढला.

"हं," तो बराच वेळ पाहून म्हणाला. "पांढऱ्यावर भिंतीचा हिरवा उजेड पडतो, तो जसाच्या तसा परत येतो. यंत्राला वाटलं, हीसुद्धा भिंतच. चूक माझी आहे, बाई. मी बटण जास्त फिरवलं."

"केसांसाठी फिरवलं ना."

"केसांसाठीच."

रंगपटात मावशीने मात्र वेगळाच सूर लावला. "अगं, आयतं चालून आलंय. गप्प बस. साहेब म्हणतो जादू, लोक म्हणतात जादू, तू का नाही म्हणायचं? इतके दिवस मी झाकत होते, आता यंत्र झाकेल. माझे डबे वाचतील."

"आणि वाढलं तर, मावशी? गळ्यावर आलं, तोंडावर आलं तर?"

 मावशीने डब्याचं झाकण दोनदा लावलं.

घरी जाताना बसमध्ये तिचा डोळा लागला. अर्धवट झोपेत तिने पाहिलं, की ती भिंतीसमोर उभी आहे आणि पडद्यावर फक्त नारंगी जॅकेट आहे. बाह्यांमधून ढग बाहेर येतात, कॉलरवर चेहऱ्याच्या जागी आभाळ आहे, निळं, स्वच्छ, कुणाचंही नसलेलं. फोन वाजतायत आणि फोनवाली गोड आवाजात सांगतेय, ताई, आज एकही तक्रार नाही. सगळे म्हणतात, तुम्ही इतक्या सुंदर कधीच दिसला नव्हतात. झोपेतही ते ऐकून तिला बरं वाटलं. जागी झाल्यावर त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली.

कुलूप काढते न काढते तोच आईचा फोन.

"हाताला काय झालंय तुझ्या?"

"यंत्राची गंमत आहे, आई. सगळ्यांना आवडली."

"सगळ्यांचं सोड. गंमत सांध्यांवरच कशी बरोबर येऊन बसते? मी तुझी आई आहे, ती फोन करणारी टोळी नाही."

पाऊसबाई पलंगावर बसली. दिवा लावायचा राहून गेला होता. "कोड आहे," ती म्हणाली. हा शब्द तिने मावशीपुढेही उच्चारला नव्हता. "बरेच महिने झाले. मावशी रंग लावतात वरून."

पलीकडे चालू असलेला टीव्ही आईने बंद केला.

"म्हणजे रोज मी बघत होते तो रंग होता."

"नोकरी जाईल म्हणून, आई. दुसरं काही नाही. मला ते काम करायचंय. त्या भिंतीपुढून मला कुणी हलवलं तर..." 

"जॅकेट वाईट असलं तर मी बोलते. पोक काढलंस तर बोलते. बोलायला समोर काही असावं लागतं ना गं? आज ढग बघून शेजारीण टाळ्या वाजवत होती. मला नाही आवडलं. माझी मुलगी मला आरपार दिसायला नको." आईने नाक ओढलं. "रविवारी ये. उजेडात बघते काय ते. आणि जेवून झोप."

दुसऱ्या दिवशी पाऊसबाई हाताला काही न लावता साहेबांच्या खोलीत गेली. टेबलावर हात ठेवला, मावशीपुढे ठेवायची तसाच.

"कालची जादू ही आहे," ती म्हणाली, आणि यंत्राचं सगळं सांगितलं. जादूगाराचं बटण, भिंतीचा उजेड, पांढरी त्वचा. पाठ केल्यासारखं, एकही पायरी न गाळता.

साहेबांनी हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग चहाच्या कपाकडे. कपाचा कान त्यांनी उगाच उजवीकडून डावीकडे फिरवला.

"मला अगदी मनापासून वाटतं," ते म्हणाले, "तुमचा आवाज फार छान आहे."

हे येणार, हे तिला माहीत होतं. तरी कान तापले. "आवाज छान आहे, साहेब. पण रेडिओवर समुद्र दाखवता येत नाही. वारं अजून उतरलेलं नाही. आज कुठल्या खाडीत थांबायचं ते लोकांना दाखवावं लागेल, आणि समुद्र माझ्या उजव्या हाताला आहे."

"मग कालच्यासारखंच करू. लोकांना आवडलंय ते. कुणाला कळणारही नाही."

"मला हात हवा आहे. भोकं नकोत."

"अहो, पण फोन आले तर मी काय सांगू?"

"हात आहे म्हणून सांगा."

साहेबांनी कपाळ चोळलं. बदली निवेदक सुट्टीवर होता आणि त्याला खाडी आणि खाडीचं मुख यातला फरक कधीच कळला नव्हता. "आजचा दिवस करा," ते शेवटी म्हणाले. "आजचा फक्त. मग फोन काय म्हणतात त्यावर बघू. माझा नाइलाज आहे, बाई, समजून घ्या."

ती थेट जादूगाराकडे गेली. "बटण होतं तिथे आणा."

"केसांभोवतीचं हिरवं परत येईल हं."

"येऊ दे."

त्या संध्याकाळी तिने उजवा हात पहिल्यापासून वर ठेवला. लहान पडद्यावर तो दिसला, अर्धा सावळा, अर्धा पांढरा, सांध्यांवर वळणावळणाचे किनारे. ढग त्याच्या मागून गेले. पडद्यावरची बाई आपण आहोत हे पटायला आज तिला वेळ लागला नाही. तो क्षण हुकला म्हणून थोडं चुकल्यासारखं झालं, कारण कुठेच नसणं तिला खरोखर आवडायचं. मग तिने खाडी दाखवली, टोक दाखवलं, आणि वारं कुठून कुठे वळेल ते एका बोटाने सावकाश ओढून दाखवलं.

खाली आली तेव्हा फोनची खोली गजबजली होती. फोनवालीच्या शेजारी खुर्ची ओढून साहेब बसले होते. त्यांना तिथे बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"शेवाळ परत आलं म्हणतायत," फोनवालीने फोनच्या तोंडावर हात धरून सांगितलं. "ढग कुठे गेले म्हणून ती छोटी रडली. एक बाई विचारत होत्या, डॉक्टर कोण आहेत ताईंचे. आणि एकजण... जाऊ दे तो."

"सांग ना."

"जेवताना असं काही दाखवू नका म्हणाला."

तेवढ्यात तिसरा फोन वाजला आणि फोनवालीचे हात गुंतलेले असल्याने साहेबांनी उचलला. पाऊसबाई दारातच उभी राहिली. फोनमधला माणूस इतका मोठ्याने बोलत होता, की शब्द कळले नाहीत तरी सूर दारापर्यंत आला.

"हो," साहेब म्हणाले. "हो, बरोबर आहे. तुमचं म्हणणं लक्षात... हो." सवयीने मान डोलावली. मग डोलावता डोलावता मान थांबली. "नाही. हातमोजे कशाला? ... अहो, कसला रोग? लागत नाही ते कुणाला. हात आहे तो. ... मुलं बघतात तर बघू दे, विचारलं तर सांगा." पलीकडचा आवाज आणखी चढला. साहेबांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज चढला नाही. "नाही, बदलणार नाही. उद्याही त्याच असतील. ... परवाही. नमस्कार."

त्यांनी फोन ठेवला आणि त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू तोच आत्ता बोलला होता. मग त्यांना दारातली ती दिसली. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या हाताकडे सरळ पाहिलं.

"दुखतं का हो?"

"नाही."

"बरं," साहेब म्हणाले. फोन पुन्हा वाजला, तेव्हा त्यांनी तो फोनवालीकडे सरकवला आणि रुमाल शोधू लागले.

बाहेर तिने सांगितलेलं वारं शहरात पोचलं होतं. रस्त्यावर कागद उडत होते, दुकानांच्या पाट्या कुरकुरत होत्या. बसथांब्याच्या बाकावर एक पोक्त बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. पाऊसबाईने केस धरायला हात वर केला, तशी तिने हाताकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे पाहिलं. मग पायांपर्यंत नजर नेऊन पुन्हा वर आणली.

"पाऊसबाई ना तुम्ही?"

"हो."

"टीव्हीत उंच वाटता," बाईने निकाल दिला, आणि पिशवी मांडीवर घेऊन तिला बसायला जागा करून दिली.